राजी आणि मर्जी

‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता’ अशा अर्थाची ओळ नसलेले हक्कसोडपत्र सापडणे कठीण. पाचाडची असो की पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीवरची, लग्न होऊन गेलेली लेक महाडला येते, दस्तलेखकाने आधीच टाइप करून ठेवलेल्या या ओळीखाली सही करते किंवा अंगठा देते. दस्त नोंदला जातो, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते. ही ओळ पुष्कळदा खरी नसते असे माझे ठाम मत आहे. पण तिला खोटे ठरवणार कोण? बाई स्वतःच सांगते, “मी खुशीनंच दिलं.”

स्वेच्छेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. शाळेत ऐच्छिक विषय, नोकरीत स्वेच्छानिवृत्ती, उत्सवात ऐच्छिक वर्गणी. बोलण्यात मात्र येतात ते आपखुशी, राजी, मर्जी. यातले ‘राजी’ आणि ‘मर्जी’ एकाच अरबी मुळातले, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. मराठीने त्यांची वाटणी करून टाकली. मर्जी वरच्याची: साहेबाची, सासूची, पाटलाची. ती सांभाळायची असते, ती खप्पा होते. राजी मात्र खालच्याने व्हायचे असते. ‘मुलगी राजी आहे का?’ असे विचारले जाते तोवर स्थळ कोणीतरी पाहून ठेवलेले असते. बरोबरीच्या माणसाला आपण ‘तुझी मर्जी’ म्हणतो, तेव्हाही त्यात बहुधा ‘पुढचं तू बघ’ अशी ताकीद असते. मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. जमीन सोडण्याच्या कागदालाच राजीपणाचे नाव होते.

कायदा लेकीच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. 2005 च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. वडील ही दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. संमती मुक्त असली पाहिजे हे 1872 चा करार कायदा सांगतोच; बळजबरी आणि अनुचित प्रभाव त्याने वेगवेगळे ओळखले आहेत. पण बहिणीवर बळजबरी सहसा होतच नाही. कोणी दरडावत नाही. भाऊ चांगला असतो, वहिनी आग्रहाने जेवू घालते, निघताना साडी नेसवते. तिला एवढेच ठाऊक असते की सही केली नाही तर माहेर तुटेल. सासरी काही बिनसले तर जायला तेवढेच एक दार आहे. जमिनीचा तुकडा आणि ते दार यांतून निवड करायची असेल, तर ती दारच निवडणार. तिची खुशी खरी असते. निवड खरी नसते. रायगडाच्या पायथ्याशी पर्यटनामुळे जमिनीला भाव आल्यावर तिच्या सहीची किंमत आणखी मोठी झाली आहे, आणि ती बहुधा तिला सांगितलेलीही नसते.

याच पायथ्याशी, पाचाडला, जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, 17 जून 1674 रोजी, त्या तिथेच गेल्या. 1664 मध्ये शहाजीराजे वारले तेव्हा त्या सती जायला निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी गळ घालून त्यांना थांबवले, असे बखर सांगते. ती त्यांची इच्छा नव्हती असे कोण म्हणेल? पण पिढ्यान्‌पिढ्या विधवेपुढे जी एकच वाट पावन म्हणून ठेवली, तिच्यावर चालायला निघणे ही कितपत निवड? ‘तुम्ही आम्हाला हव्या आहात’ असे मुलाने म्हटले, तेव्हा दुसरी वाट उघडली. कंपनी सरकारने 1813 मध्ये खुशीची सती आणि जबरदस्तीची सती असा भेद केला, चितेजवळ चौकशीचे हुकूम सोडले. ज्वाळांसमोर बाईला ‘खुशी आहे का?’ विचारून काय कळणार? अखेर 1829 मध्ये बंगालमध्ये तो भेदच मोडीत काढून प्रथा बंद करावी लागली.

हक्कसोड बंद करा असे मी म्हणत नाही. नोकरी-पगार असलेली, सुस्थितीतली बहीण हलाखीतल्या भावाला आपला वाटा खरोखर मनापासून देते, आणि तो तिचा अधिकारच आहे. पण खुशीचा प्रश्न निबंधकाच्या टेबलावर विचारून उपयोग नाही. तो आधी, तिच्या घरी विचारला गेला पाहिजे. येत्या भाऊबीजेला ओवाळणीच्या तबकाशेजारी कागद ठेवू नका. सातबारा, गटाचे क्षेत्र आणि आजचा बाजारभाव तिच्या हाती द्या, वर्षभर विचार करायला सांगा, आणि ‘नाही’ म्हणालीस तरी पुढच्या दिवाळीला न्यायला मीच येईन, हे आधी सांगा.