प्रारब्ध कुणाचे?

नांदेडला गोवर्धन घाटावर कुणी बुडाले की काठावरचा प्रत्येक जण देह मिळण्याची वाट पाहत असतो. देह हाती आल्याशिवाय ना अग्नी, ना दफन, ना घरच्यांच्या जिवाला थारा. मग मासेमारी करणारे भोई, जीवरक्षक तरुण, अग्निशमनचे जवान गढूळ गोदावरीत बुड्या मारतात. लोक याला पुण्याचे काम म्हणतात, आणि ते आहेच. पण मेलेल्याच्या देहाची एवढी कदर करणाऱ्या त्या काठावर, खाली जाणाऱ्याला सर्दी आहे का, त्याचा कान दुखतो का, हे कुणी विचारत नाही.

विचारायलाच हवे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. नाक चोंदलेले असेल तर कानाचा पडदा फाटू शकतो. दम्याने किंवा जुन्या क्षयाने फुप्फुसात हवा अडकत असेल, तर सिलिंडर लावून उतरलेल्याचे फुप्फुस वर येताना फाटू शकते. फिट येणाऱ्या माणसाला पाण्याखाली झटका आला तर वाचवणे जवळपास अशक्य.

पुलाच्या पायासाठी नदीतळाशी दाबलेल्या हवेच्या कोठीत काम करणाऱ्यांचे दुखणे आणखी कपटी. दाबाखाली नायट्रोजन शरीरात मुरतो आणि घाईने वर आले की त्याचे बुडबुडे होतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः कोठीत उतरायचा; 1872 मध्ये तो यातच कायमचा खचला. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केली. तरीही खुब्याचे किंवा खांद्याचे हाड आतून मरत जाऊ शकते आणि दुखायला लागेपर्यंत कधी कधी वर्षे लोटतात. त्याआधी ते एक्स-रेत दिसू शकते.

इथेच कर्मफळाचा प्रश्न उभा राहतो. फळ उशिरा पिकले की आपण त्याला प्रारब्ध म्हणतो. लातूरकडे गाळ काढायला विहिरीत उतरलेला मजूर गुदमरून गेला, तरी "त्याची वेळ आली होती" म्हणून लोक घरी जातात. पण वेदान्ताने प्रारब्धाशेजारी क्रियमाणही ठेवले आहे, म्हणजे आज आपल्या हातून घडणारे कर्म. न तपासता माणूस खाली सोडणे हे सोडणाऱ्याचे क्रियमाण. त्याचे फळ मात्र उतरणाऱ्याच्या हाडांत पिकते. ही वाटणी कोणत्याही धर्मात बसत नाही.

अडचण आणखी एक आहे. डॉक्टरांचा "अनफिट" शेरा म्हणजे बुडालेली मजुरी, म्हणून माणूस दमा लपवतो. त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार त्याचे पोट सांभाळणाऱ्यालाच आहे. नापास झालेल्याला काठावरचे काम, दोराचे, होडीचे, त्याच मजुरीत मिळाले, तरच तो डॉक्टरसमोर खरे बोलेल.

पुढच्या वेळी घाटावर दोर सोडण्याआधी, खाली जाणाऱ्याला नाक दाबून कान फुगवून पाहायला सांगा. कान उघडत नसेल तर त्याला वरच थांबवा, आणि त्या दिवसाचे पैसे त्याच्या हातात ठेवा.