गिरण्या मुंबईत, हिशेब कोकणात

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट आपण परळ-लालबागच्या हद्दीतच सांगत आलो आहोत. भोंगा, चाळ, संप आणि मग मॉल, टॉवर. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी खेड, संगमेश्वर, राजापूर, कणकवलीच्या वाड्यांवर आणि घाटावरच्या साताऱ्या-पाटणच्या डोंगराळ गावांत घडली. गिरण्या चालत होत्या तेव्हा त्यांच्या खर्चाचा मोठा भाग या गावांनी उचलला आणि त्या बंद पडल्या तेव्हा तोटाही यांच्याच अंगावर आला, असे माझे म्हणणे आहे. नफा आणि जमीन मुंबईतच राहिली.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात मुंबईत अमाप पैसा आला, बोरघाटातून रेल्वे आली, 1869 मध्ये सुवेझ कालवा खुला झाला. भांडवल, कापूस, बंदर, सगळे जमून आले. माणसे पुरवली कोकणाने. खोतीखाली पिचलेली कुळे, डोंगरउतारावरची चिंचोळी भातखाचरे आणि कापणीनंतर रिकामे हात, अशा मुलखातून माणसे बोटीने मुंबईला उतरत राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता.

मालकाला या माणसाची फक्त उमेदीची वर्षे लागत. त्याचे बालपण गावाने सांभाळलेले असे, बायकोची बाळंतपणे गावात होत, दम्याने किंवा क्षयाने खंगला की तो गावी जाई आणि म्हातारपणही तिथेच काढी. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले आणि खानावळवालीचे ताट, एवढ्यावर त्याचे भागत असे. म्हणून पगार कमी ठेवता आला. 1931 साली कामगारविषयक शाही आयोगाने कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, उलट ते शक्य तितके नियमित करावे, असे सुचवले. त्यात कामगाराविषयी कळकळ होती आणि तथ्यही होते. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की विमा, निवृत्तिवेतन आणि घर यांची जबाबदारी गिरणीऐवजी भातखाचराने पेलायची.

मनिऑर्डरी येत होत्या, हे खरे. त्यांवर घरे कौलारू झाली, धारा भरला गेला, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी गावोगाव शाळा आणि देवळे उभी केली. ते ऋण कोकण विसरलेले नाही. तरी तो पैसा गावात उद्योग म्हणून रुजला नाही. तो वाण्याच्या दुकानात, लग्नकार्यात, भाऊबंदकीच्या दाव्यांत संपत गेला. शेती बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हाती राहिली. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,100 हून अधिक बायका होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत चक्क घटली होती.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि 1946 च्या कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी मोडणे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हजारो जण गावी परतले. संप इतका लांबवता आला, यामागे गावाचा तांदूळ होता, हे कामगार चळवळीच्या इतिहासात फार कमी वेळा लिहिले जाते. पण दोन गुंठ्यांचे खाचर माणसाला काही महिने पोसू शकते, वर्षानुवर्षे नाही. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही.

संपाने गिरण्या मारल्या, हे मला पटत नाही. यंत्रे जुनाट झाली होती, कित्येक मालकांनी नफा त्यांत न घालता दुसरीकडे वळवला होता आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग संपाच्या कितीतरी आधीपासून कापड खेचून नेत होते. देशात कापड विणणे थांबले नाही. थांबली ती पक्की नोकरी. मागावरची पाळी आठ तासांवरून बारा तासांवर गेली आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा हे शब्द बहुतेक मागवाल्यांच्या आयुष्यातून गळून पडले. (बायकांच्या वाट्याला हे त्याआधीच आले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत चार-पाच कामगारांमागे एक बाई असे. संपाच्या वेळी त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या, आणि त्यासाठी कोणी संप केला नव्हता.)

मग उरली जमीन, सुमारे 600 एकर. 1991 च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये हे वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेला लागू करण्यात आले. इमारती पाडून मोकळी झालेली जमीन मालकाकडे राहिली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली 2012 मध्ये, संपानंतर 30 वर्षांनी. अर्ज दीड लाखाच्या आसपास, घरे सात हजारांच्याही आत. आता उरलेल्यांना शेलू-वांगणीकडे पाठवण्याच्या योजना निघाल्या आहेत.

शहरे बदलतात आणि परळमध्ये कापड विणणे कायमचे परवडणारे नव्हते, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण बंद कसे करावे हा वेगळा प्रश्न आहे. जर्मनीच्या रुर खोऱ्यात कोळशाची घसरण 1958 साली सुरू झाली आणि शेवटची खाण बॉट्रॉपला 2018 साली बंद झाली. मधल्या 60 वर्षांत सरकार, कंपन्या आणि कामगार संघटनांनी मिळून लवकर निवृत्ती, नवे प्रशिक्षण, बोखुमसारखे नवे विद्यापीठ असे बरेच काही उभे केले. तिथेही सगळे सुरळीत झाले नाही. गेल्झनकिर्खेनमध्ये बेकारी आजही मोठी आहे. जर्मनीएवढा पैसा आपल्याकडे नव्हता, हेही कबूल. पण मुंबईच्या 600 एकरांची किंमत कमी नव्हती, आणि त्यातला एक रुपयाही ती माणसे जिथून आली त्या तालुक्यांकडे वळवावा, असे ठरवणाऱ्यांपैकी कोणाला सुचले नाही.

आता कोकणातच लोटे-परशुरामला कारखाने आहेत, आणखी यावेत अशी मागणी आहे, आणि पोरांना गावाजवळ काम मिळत असेल तर ती रास्तच आहे. औद्योगिक विकास महामंडळाची जमीन 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. त्या करारातच एक कलम हवे: जमिनीचा वापर बदलला तर वाढलेल्या किमतीतला ठरावीक हिस्सा आधी कामगारांच्या देण्यांसाठी आणि मग त्यांच्या तालुक्यांतल्या पाण्यासाठी, दवाखान्यांसाठी, नव्या धंद्यांसाठी राखून ठेवावा. हे कलम कारखाना सुरू होतानाच घालावे लागेल. तो बंद पडेपर्यंत कामगार गावी गेलेला असतो आणि बोलणी फक्त मालक आणि सरकार यांच्यात होतात.