गाडी पाण्यात होती बघा

सांगलीतल्या त्या काकांनी चहाचा कप पुढे केला आणि किल्ली हातात द्यायच्या आधीच म्हणाले, ‘‘एक गोष्ट आधी सांगतो ताई. गाडी पाण्यात होती बघा.’’

ऑगस्ट २०१९ चा महापूर. कृष्णेचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं तेव्हा माणसं आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर नेता आली, गाडी नेता आली नाही. सीटपर्यंत पाणी होतं. काकांनी एक फाइल उघडली. वायरिंग बदलल्याचं बिल, कार्पेट, सीट, एक कंट्रोल युनिट, सगळं तारीखवार लावलेलं. ‘‘तेव्हापासून साडेतीन वर्षं चालवतोय, कुठं अडली नाही. पण पाणी ते पाणी. तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.’’ किंमत साडेपाच लाख. तसल्याच गाडीला तेव्हा बाजारात साडेसहाच्या आसपास मागत होते.

आम्ही गाडी चालवून पाहिली. चांगली होती. चहा संपवला, ‘‘कळवतो काका’’ म्हणालो आणि पुण्याला परत आलो. कळवलं नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही पुण्यातच दुसरी गाडी घेतली. तेच मॉडेल, तेच वर्ष, सहा लाख चाळीस हजार. त्या माणसाने पाण्याबद्दल काही सांगितलं नाही. कशाबद्दलच फारसं सांगितलं नाही. ‘‘गाडी तुमच्यासमोर आहे,’’ एवढंच म्हणाला.

आणि मी विचारलं नाही. हा लेख त्या न विचारण्याबद्दल आहे.

*

आधी गाडी का, ते सांगते. बाबांचे गुडघे गेलेत. खाली असलेल्या हॅचबॅकमध्ये बसताना आणि उठताना त्यांना दोघांचा आधार लागतो. उंच सीट हवी होती, गावाकडच्या रस्त्यावर खालून घासणार नाही अशी गाडी हवी होती आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावायलाही हवी होती. म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्ही. आपल्याकडे हा प्रकार कराच्या नियमातून वाढला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. मग कंपन्यांनी मोठ्या दिसणाऱ्या गाड्या चार मीटरच्या आत बसवायला सुरुवात केली. मागून कापल्यासारख्या दिसणाऱ्या या गाड्या बघितल्या की त्या पट्टीने मोजून बनवल्यात हे कळतं.

आई म्हणत होती, ‘‘नवीनच घ्या. दुसऱ्याचं दुखणं कशाला विकत घ्यायचं?’’ पण नवीनचा हप्ता आम्हाला झेपणारा नव्हता. आता मागे वळून बघताना आईचं वाक्य मला वेगळं ऐकू येतं. नवीन गाडीच्या किमतीत पत्रा आणि इंजिन असतं, कर असतो, विमा असतो. त्यातच आणखी एक गोष्ट गुपचूप सामील असते: अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा न लागण्याची किंमत. वॉरंटी म्हणजे तीच. जुनी गाडी स्वस्त मिळते, कारण तो विश्वास तुम्हाला स्वतःच्या खिशातून घालावा लागतो.

*

आठ महिन्यांनी गाडी ब्रेकच्या कामासाठी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या दादांनी किल्ली फिरवली, डॅशबोर्डकडे बघितलं, बंद केली, पुन्हा फिरवली. मग मला बोलावलं. ‘‘मॅडम, इग्निशन ऑन केलं की एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. तुमचा लागतच नाही.’’

मला वाटलं, दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक. ते हसले नाहीत. त्यांनी डाव्या बाजूचं कव्हर काढलं. आत एअरबॅग नव्हती. नुसती जागा होती. पुढचा एप्रन नंतर वेल्ड केलेला होता, तेही त्यांनी बोटाने दाखवलं. गाडीचा कधीतरी समोरून अपघात झाला होता, एअरबॅग उघडली होती, नवीन बसवायला पैसे लागतात म्हणून बसवली नव्हती आणि दिवा सतत पेटत राहू नये म्हणून त्याचाच बंदोबस्त केला होता.

डावी सीट बाबांची. आठ महिने ते त्या कव्हरसमोर बसून गावाला गेले होते, दवाखान्यात गेले होते, एकदा घाटात झोपलेही होते.

मला पहिला राग अर्थातच विकणाऱ्याचा आला. पण आरसी बुक काढून बघितलं तर तो दुसरा मालक होता. त्याला माहीत होतं का? की त्यालाही पहिल्याने काही सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं? फोन केला, तो म्हणाला, ‘‘माझ्याकडे असताना काही झालं नाही.’’ हे खरंही असू शकतं. खोटं कुणीच बोललं नसेल आणि तरीही एअरबॅग नसेल, हे शक्य आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

*

मी वकील नाही, पण रात्री झोप येईना म्हणून कायदा वाचला. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. फसवणूक म्हणजे काय, ते तिथे सांगितलंय. आणि त्याला जोडलेल्या स्पष्टीकरणात म्हटलंय की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम होईल अशा गोष्टीबद्दल नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही. बोलणं हे कर्तव्य असेल किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल, तर मात्र आहे.

खाली उदाहरणं आहेत आणि त्यातली पहिली तीन घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. दुसऱ्या उदाहरणात घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालेन. विकणारा गप्प बसतो. इथे ती शांतता म्हणजेच उत्तर आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा घोडा माझ्या पार्किंगमध्ये उभा होता. आणि तिसरं उदाहरण मला टोचत राहिलं. त्या घेणाऱ्याने एक वाक्य उच्चारलं, तेवढ्याने सगळं बदललं. ते वाक्य मला येत होतं. सांगलीहून येताना मी ते शिकूनच आले होते: अपघात झालाय का, पाण्यात होती का, काय काय बदललंय. मी ते वापरलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. एक खरं उत्तर ऐकून आम्ही एक गाडी सोडली होती. दुसरं खरं उत्तर ऐकलं असतं तर दुसरीही सोडावी लागली असती. रविवार संपत चालले होते, नवरा कंटाळला होता, आणि मला फक्त ‘घेतली एकदाची’ असं म्हणायचं होतं.

म्हणजे नव्वद हजार रुपये जास्त देऊन मी काय विकत घेतलं? चांगली गाडी नाही. गाडीबद्दल काही न ऐकण्याची सोय.

*

हा वाद कायद्याहूनही जुना आहे. रोममधल्या सिसेरोने इसवीसनपूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकायला निघालंय. घर रोगट आहे, लाकूड कुजकं आहे, खोल्यांमधून साप निघतात आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. मालकाने कुणावर जबरदस्ती केलेली नाही. आपल्याच मालाचे दोष ओरडून सांगणारा विक्रेता हा वेडेपणा झाला. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, हे तर वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही वाईट आहे. तुम्ही जाणूनबुजून त्याला खड्ड्याकडे जाऊ देताय. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो.

कॉलेजमध्ये असते तर मी डायोजिनीसच्या बाजूने बोलले असते. व्यवहार म्हणजे व्यवहार. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. पैशापुरता हा युक्तिवाद मला आजही अगदी फालतू वाटत नाही. क्लच घासलेला असेल आणि मी तपासलं नाही, तर भुर्दंड माझा. पण डाव्या सीटवर बसलेल्या बाबांनी कुठला व्यवहार केला होता? त्यांनी भाव केला नव्हता, फॉर्म २९ आणि ३० वर सही केली नव्हती. व्यवहार दोघांत होतो, गाडीत पाच जण बसतात. ज्या दोषाने तिसऱ्याच्या जिवाला धोका आहे, तो दोन हुशार माणसांनी आपसात मिटवायचा विषय उरत नाही.

*

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका अर्थशास्त्रज्ञाने. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. २००१ मध्ये त्याला दोघांसोबत नोबेल मिळालं.

मुद्दा साधा आहे. समजा दहा गाड्या आहेत. पाच चांगल्या, सात लाखांच्या लायकीच्या. पाच वाईट, चार लाखांच्या. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधला भाव देतो, साडेपाच. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात देण्यापेक्षा मीच वापरतो. तो बाजारातून निघून जातो. आता उरलेल्यांत वाईट जास्त, म्हणून भाव आणखी पडतो. शेवटी बाजारात वाईटच गाड्या राहतात.

हे वाचलं आणि सांगलीची फाइल आठवली. आपल्याला वाटतं, गप्प बसणारा विक्रेता फक्त घेणाऱ्याला लुबाडतो. तसं नाही. आपण प्रत्येक जुन्या गाडीकडे संशयाने बघतो, म्हणून प्रत्येक चांगल्या गाडीचा भाव पडतो. गप्प बसणाऱ्याला जे जास्तीचे मिळतात, त्यातला काही भाग खरं बोलणाऱ्याच्या खिशातून आलेला असतो.

आणि अकरलॉफच्या गणितात घेणाऱ्याला खरं कळत नाही म्हणून बाजार बिघडतो. आमच्या बाबतीत तर खरं कळलं होतं. बिलांसकट, तारखांसकट कळलं होतं. काकांनी त्याचे एक लाख कमीही केले होते. आम्ही तरीही तिकडून उठून निघालो आणि ज्याने काही सांगितलं नाही, त्याच्या गाडीत काही नसेल असं धरून चाललो. प्रामाणिक माणसाचा एक माहीत असलेला दोष आम्हाला अनोळखी माणसाच्या दहा अज्ञात दोषांपेक्षा मोठा वाटला. लोक खरं बोलत नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो. मी खरं बोलणाऱ्याला ‘कळवतो’ म्हणाले होते.

*

एअरबॅग, कंट्रोल मॉड्यूल आणि बेल्ट बदलायला पाऊण लाखाच्या घरात खर्च आला. दिवा आता लागतो आणि विझतो. पण वेल्डिंग आहे तिथेच आहे आणि बाबांना मी आता त्या गाडीत मनाने बसवू शकत नाही. विकायचं ठरवलं.

सोपा मार्ग सगळ्यांनी सुचवला: एक्स्चेंजला द्या. शोरूमवाले घेतील, पुढे कुणाला विकतील ते त्यांचं ते बघतील. यात खोटं बोलावं लागत नाही, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. याच वाटेने रिकाम्या कव्हरची गाडी माझ्यापर्यंत आली असणार. प्रत्येकाने फक्त पुढे सरकवली.

शेवटी मी काकांना फोन केला. वर्ष उलटून गेलं होतं, त्यांना आठवावंच लागलं. गाडीचं काय झालं, विचारलं. ‘‘भाच्याला दिली. बाहेरचं कोण घेईना. त्याला सगळं ठाऊकच होतं, पुरात गाडी ढकलायला तोच होता की.’’ गाडी झकास चालते म्हणाले. मी सगळी कहाणी सांगितली आणि माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘तुमचं काय चुकलं? मीपण नसती घेतली.’’

फोन ठेवल्यावर कायद्यातलं दुसरं उदाहरण आठवलं. मुलीला सांगणं कर्तव्य, परक्याला नाही. खरं सांगितलेली गाडी शेवटी नात्यातच खपली. परक्यापर्यंत खरं पोचू शकत नाही असं नाही, काकांनी ते माझ्यापर्यंत पोचवलं होतं. मी ते घेतलं नाही.

मी जाहिरात टाकली आहे. पहिल्या ओळीत मॉडेल आणि वर्ष. दुसऱ्या ओळीत: समोरून अपघात झालेला आहे, एप्रन वेल्ड केलेला आहे, एअरबॅग नवीन बसवली आहे, बिलं आहेत. एकाने फोनवर विचारलं, ‘‘ताई, हे लिहायची काय गरज होती?’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही विचारलं नसतंत म्हणून.’’

आत्तापर्यंत तिघं येऊन गाडी बघून गेले. तिघांनीही चहा घेतला, फाइल चाळली आणि कळवतो म्हणाले.