बाळसे, लाड आणि जबाबदारी

'बाळसं धरलंय हो!' हे कौतुक कानावर पडले की मराठी आईचा चेहरा खुलतो. 'खात्यापित्या घरचा दिसतो' हीसुद्धा आपल्याकडे पावतीच. उलट मूल जरा अंगाने किरकोळ असले, की 'आई खायला घालते की नाही?' हा प्रश्न ठरलेला. हे काही उगीच आलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेली, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्लेली माणसे आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजी-आजोबा आहेत. ज्यांनी रिकामे डबे पाहिले, त्यांच्या लेखी ताटात आणखी एक पोळी वाढणे हे प्रेमाचे सर्वांत सोपे रूप. त्या प्रेमाला नावे ठेवायला मी बसलेली नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. काळ आणि देश पालटला तरी तेच कृत्य तितकेच चांगले राहते का? चांगुलपणा फक्त हेतूवरून ठरवायचा, की परिणामही पाहायचा?

परिणाम पाहायचे तर आकडे बोलके आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दोन ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांत स्थूलतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. २०१७ ते २०२० या काळातल्या पाहणीत ते २० टक्क्यांच्या जवळ पोचले. म्हणजे पाचांतले एक मूल. ज्या मधुमेहाला पूर्वी सर्रास 'प्रौढपणीचा' म्हणत, तो शाळकरी मुलांत दिसू लागला आणि ते नाव मागे पडून 'टाइप टू' हे नाव रूढ झाले. लहान वयात हा आजार जडलेल्या सुमारे ५०० मुलांचा अमेरिकेत दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निदानानंतर पंधरा वर्षांच्या आत त्यांतल्या सुमारे ६० टक्के जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा मज्जातंतूंचा एक तरी विकार झाला होता. तेव्हा त्यांचे सरासरी वय होते अवघे सव्वीस. ज्या वयात आपण मुलांच्या लग्नाची स्वप्ने पाहतो, ते हे वय! याखेरीज यकृतात साठणारी चरबी, वाढलेला रक्तदाब, झोपेत अडखळणारा श्वास, गुडघ्यांवर आणि खुब्यांवर पडणारा भार हे सारे आहेच.

'आमचा तर किडकिडीत आहे' असे म्हणून आपण मराठी मंडळींनी निश्चिंत होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे अभ्यासली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू; चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा आपल्याला पुरते सांगत नाही. कधी शरीर निराळी खूण देते. मुलाच्या मानेमागची त्वचा काळपट आणि मखमलीसारखी जाड होते. इन्सुलिनचा परिणाम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. आपण मात्र मळ समजून दिवाळीत उटणे लावून ती मान घासतो.

आता नैतिक प्रश्नाकडे वळते. आठ वर्षांचे मूल वाणसामान आणत नाही, स्वयंपाक करत नाही, फ्रिजमध्ये सोडा ठेवत नाही. परिणाम त्याचे, निर्णय मात्र आपले. 'त्याला आवडते ते खाऊ दे, त्याचे स्वातंत्र्य आहे' असे इथे म्हटले जाते. पण गाडीत सीटबेल्ट लावायचा की नाही, हे आपण त्याला विचारत नाही. ज्याचे परिणाम समजण्याचे वय नाही, ते ठरवायला सोडणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे. ते अंग काढून घेणे झाले. 'उंची वाढली की उतरेल' हाही भरवसा धरू नये. २०२३ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने वाट पाहत न बसता वेळीच उपचार सुरू करावेत, असेच सांगितले.

मग दोष आई-बापांचाच का? तसेही नाही. शरीराची ठेवण अनुवंशातून येते. शाळेपर्यंत पायी जायला पदपथ नसतात, जाहिराती मुलांनाच गाठतात, दोघेही नोकरीवरून थकून येतात आणि तयार खाणे हाताशी असते. दोष अनेकांत वाटला जातो. जबाबदारी मात्र दोषावर अवलंबून नसते. दारात दुसऱ्याने टाकलेला काचेचा तुकडा आपण उचलतोच ना, मुलाच्या पायात जाऊ नये म्हणून?

यात एकाच गोष्टीला मी कधीही तयार होणार नाही, ती म्हणजे मुलाला लाजवणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात उतरल्या उतरल्या 'किती सुटलास रे!' म्हणायचे आणि लगेच पुढे गुलाबजामची वाटी सरकवायची, ही आपली जुनी तऱ्हा. ज्या गोष्टीची निवड त्याने केली नाही, त्याबद्दल चारचौघांत त्याने मान खाली का घालावी? चिडवल्याने वजन घटत नाही. मूल चोरून खायला शिकते. म्हणून त्या एका मुलाचे ताट वेगळे करण्यापेक्षा साऱ्या घराचे ताट बदलावे. आजोबांना, बाबांना आणि ताईला जे वाढले तेच त्यालाही. जेवणानंतर सगळ्यांनीच फिरायला जावे.

आपल्या मंडळातही हे शक्य आहे. मी काही वर्षे भोजन समितीत काम करते आहे. मोठ्यांसाठी भाजी, आमटी, कोशिंबीर आणि 'मुलांसाठी' वेगळ्या टेबलावर पिझ्झा व सोडा, ही रीत आपणच पाडली. बारा औंसांच्या कोलाच्या एका कॅनमध्ये सुमारे दहा चमचे साखर असते. घरी दहा चमचे साखर पेल्यात घालून आपण मुलाच्या हाती देऊ का? सणाचा लाडू, मोदक, श्रीखंड जरूर असू द्या. सणाचे गोड सणाला शोभते. ते वेगळे टेबल मात्र उचलू या. मुले दोन कार्यक्रम कुरकुरतील, तिसऱ्याला थालीपीठ मागतील.

आजीने वाढलेली जादा पोळी हे प्रेमच होते, कारण मुलाला त्या वेळी जे हवे होते ते त्या पोळीत होते. आपल्या मुलांना आज काय हवे आहे ते पाहून वाढणे, आणि कधी हात आखडता घेणे, हेही आजीचेच प्रेम आहे.