आजीचा कठडा

एका गावात एक आजी राहायची. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. मूलबाळ नव्हतं, तरी घरात तिचं फारसं अडत नसे. चुलीपासून रांजण किती पावलांवर, मिठाची बरणी फळीच्या कुठल्या टोकाला, सारं तिच्या हातापायांना पाठ होतं. भाकरी उलटायची वेळ ती वासावरून ओळखायची.

एका पावसाळ्यात परसात जाताना ती घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण गाव हळहळलं. सरपंच म्हणाले, “म्हातारीला असं एकटं ठेवणं बरं नव्हे.” वर्गणी निघाली आणि आजी तालुक्याच्या वृद्धाश्रमात गेली.

आश्रम चांगला होता. स्वच्छ चादर, वेळेवर जेवण. महिन्याने शेजारची सून भेटायला गेली, तर आजी कॉटच्या कडेला नुसती बसून होती. पाणी हवं तर हाक मारायची, न्हाणीत जायचं तर कुणी येईपर्यंत थांबायचं.

“आजी, इथं काही त्रास आहे का?”

“त्रास कसला गं? माणसं गुणाची आहेत. पण घरी माझे डोळेच तेवढे गेले होते. इथं हातपायही गेले.”

सुनेने हे ग्रामसभेत जसंच्या तसं सांगितलं. सभा गप्प झाली. मग सुतारकाका म्हणाले, “पण तिला कमी काय पडत होतं, हे आपण तिला विचारलंच कुठं?”

विचारलं, तर फार काही निघालं नाही. सुतारकाकांनी परसदारापासून संडासापर्यंत बांबूचा कठडा बांधला. शेजारच्या पोरी शाळेला निघण्याआधी रांजण भरू लागल्या. रेशनला आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला सरपंचांचा मुलगा तिला गाडीवर नेऊ लागला. आशाताई येता-जाता गोळ्यांची चौकशी करू लागल्या.

घरी आल्याच्या दिवशी आजीने चहा स्वतःच्या हाताने ठेवला. पुढे शेंगा फोडायला बायका तिच्याच ओसरीवर जमू लागल्या. तिचे हात सगळ्यांत भरभर चालायचे.

वर्गणीतले पैसे उरले होते. त्यातून अर्धांगवायू झालेल्या गुरुजींच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला.

तात्पर्य : ज्याला घरच नाही, त्याच्यासाठी आश्रम हवाच. पण ज्याला घर आहे, त्याला तिथून हलवण्याआधी काय कमी पडतं ते त्यालाच विचारावं आणि तेवढं त्याच्या दारी पोचवावं.