पत्र सांगणारा आणि पत्र लिहिणारा

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १६:१-२३



रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो. विश्वासाने नीतिमान ठरणे, आत्म्यातील जीवन, इस्राएलाचे भवितव्य अशा गहन विषयांचे विवेचन झाल्यावर येथे नुसती नावेच नावे येतात. उपासनेत हा पाठ आला की वाचणारा उच्चारांशी अडखळतो आणि ऐकणाऱ्यांची नजर घड्याळाकडे वळते. परंतु बाविसाव्या वचनाशी क्षणभर थांबा. तेथे पौलाचा आवाज एकाएकी थांबतो आणि दुसराच मनुष्य बोलू लागतो. ज्याच्या हाती लेखणी आहे तो तर्तियस स्वतःच्या नावाने रोम येथील मंडळीला सलाम सांगतो! पौल सांगत होता व तर्तियस लिहीत होता, हे त्या एका वाक्यामुळे आपणांस कळते. प्रेषिताने ते वाक्य खोडायला लावले नाही, हेही ध्यानात घ्या.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामी ज्यांची वर्षे गेली, त्यांना हे वचन फार जवळचे वाटते. पण आज ते मी आणखी एका कारणासाठी आपणांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे हाऊटन नावाचे ग्रंथालय आहे. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेची, म्हणजे ज्या संस्थेने आपल्या अमेरिकन मराठी मिशनला जन्म दिला तिची, जुनी कागदपत्रे तेथे जपून ठेवलेली आहेत. ही संस्था १८१० साली स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. तेव्हापासून मुंबई, अहमदनगर व इतर ठाण्यांवरून बोस्टनला जी पत्रे गेली, ती मिशनवार व लेखकवार लावलेली आहेत. १८२७ साली मुंबईस आलेल्या आणि १८६२ साली अहमदनगरास देह ठेवलेल्या सिंथिया फरार यांची पत्रेही त्याच संग्रहात सापडतात. मुलींना शिकविणाऱ्या या बाईंच्या अहमदनगरच्या शाळेने जोतीराव फुले यांच्या मनावर केवढा परिणाम केला, हे आपण जाणताच.

हॉल यांचे शेवटचे दिवस पाहा. १८२५ साली त्यांनी पत्नीला व दोघा मुलांना मायदेशी पाठविले. त्यांतील थोरला मुलगा समुद्रप्रवासातच वारला. स्वतः हॉल मराठी नव्या कराराच्या छपाईसाठी येथेच राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिकला गेले, तो तेथे पटकीची साथ चाललेली. जवळचे औषध त्यांनी आजाऱ्यांना वाटले. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीवर रात्री मुक्काम केला असता त्यांना स्वतःलाच पटकीने गाठले. तेव्हा औषध जवळजवळ संपलेले होते. २० मार्च रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

आता मला सांगा, ही हकिकत बोस्टनपर्यंत कशी पोहोचली? हॉल यांच्याबरोबर दुसरा मिशनरी नव्हता. मिशनकडील दोन तरुण मुलगे मात्र सोबत होते. त्यांनीच त्यांची शुश्रूषा केली, शेवटचे शब्द ऐकले, देह घोंगडीत गुंडाळला व पेटीवाचून मातीस दिला. नंतर मुंबईला येऊन त्यांनी पाहिलेले सारे सांगितले. पटकीच्या रोग्याला सोडून पळणे त्या काळी कोणालाही नवल वाटले नसते. ते दोघे पळाले नाहीत. त्यांच्या तोंडची साक्ष दुसऱ्यांच्या पत्रांत शिरली आणि समुद्रापार गेली. मिशनच्या इतिहासांत मात्र ते 'दोन मुलगे' म्हणूनच उभे आहेत.

याचा दोष मी पत्रलेखकांना देत नाही. संग्रह नेहमीच लिहिणाऱ्याच्या नावाने लागतो. ज्याने पाणी पाजले त्याच्या नावाने लागत नाही. कॅरेसाहेबांचेही तसेच. श्रीरामपूरच्या कॉलेजला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून विद्यापीठाची सनद मिळाली आणि तेथील ग्रंथालय आजही कॅरे यांचेच नाव सांगते. १८०५ चे मराठी व्याकरण व १८१० चा मराठी कोश त्यांच्या नावावर आहेत. पण फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ यांच्यावाचून हे काम झाले असते काय? शब्द कोणत्या अर्थाने आपल्या माणसांच्या कानी पडेल, हे ज्याच्या आईची ती भाषा आहे तोच सांगू शकतो. ११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली व अनेक भाषांतील हस्तलिखिते जळून गेली. यहोयाकीम राजाने शेगडीत टाकलेली गुंडाळी यिर्मयाच्या तोंडून ऐकून बारूखाने पुन्हा लिहिली. तसे येथेही मिशनरी आणि पंडित पुन्हा लिहावयास बसले. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात बारूखाचे नाव आहे. देवाच्या वचनाला लेखनिकाचे नाव घेण्याची लाज वाटत नाही.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांच्या मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविले. त्यांत गोंडांच्या लिंगोची जी दीर्घ कथा आहे ती एका परधानाने तोंडी सांगितलेली. पुस्तक हिस्लॉप यांचे, कंठ परधानाचा.

नागपूरहून लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले की दुर्ग व भिलाई ओलांडल्यावर चरोदा लागते. लागूनच रेल्वेचे मोठे यार्ड आहे. तेथे आलेल्या प्रत्येक वाघिणीचा क्रमांक लिहून घेतात. कोठून आली, कोठे जायची, सारे नोंदलेले असते. लोखंडाच्या वाघिणीची एवढी कदर! भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तेव्हापासून या पट्ट्यात रोजगारासाठी आलेल्यांत विदर्भातील मराठी माणसेही होती आणि त्यांच्यात आपले विश्वासू बांधव होते. कोणाच्या खोलीत पहिली प्रार्थनासभा भरली? रात्रपाळीहून येऊन रविवारी सतरंज्या कोण अंथरी? मराठी गायने हिंदी मंडळीत कोणी टिकविली? त्यांची नातवंडे आता हिंदीत शिकतात आणि आजीच्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावरील मोडक्या अक्षरांतील जन्म, बाप्तिस्मा व मरण यांच्या नोंदी त्यांना वाचता येत नाहीत. असे चरोदे प्रत्येक प्रांतात आहे. आपल्यापैकी कित्येकजण अशाच एखाद्या गावी हे मासिक वाचीत असाल.

काही बांधव म्हणतील, नावांचे एवढे कौतुक कशाला? आमची नावे स्वर्गात लिहिली आहेत, तेवढे पुरे. खरे आहे. लूक १०:२० मध्ये प्रभूने शिष्यांना त्याच गोष्टीचा आनंद करावयास सांगितले, आणि विद्यापीठाच्या कपाटात ज्याची फाईल आहे तो तेवढ्याने तारला जात नाही. परंतु हेच उत्तर आळसाचे पांघरूणही होऊ शकते. मलाखी ३:१६ मध्ये देवासमोर स्मरणाची वही लिहिली जाते ती केव्हा? परमेश्वराचे भय धरणारे एकमेकांशी बोलत असता. पौलाची मान तुरुंगात तलवारीखाली होती, तरी त्याने तीमथ्याला पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, आणावयास सांगितले. आपल्याकडे मंडळीची जुनी रजिस्टरे वाळवीच्या स्वाधीन करून 'आपला इतिहास कोणी लिहिला नाही' अशी तक्रार करण्याची रीत पडली आहे. ती मला मान्य नाही.

तर्तियसाच्या पुढच्याच वचनात दोन नावे शेजारी येतात. एरास्तस हा नगराचा खजिनदार. क्वार्तस हा फक्त 'बंधू'. त्याला हुद्दा नाही, काम नाही, गावही नाही. तरी तो खजिनदाराच्या मागोमाग उभा आहे आणि आजही तेथून हललेला नाही.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतील सर्वांत वृद्ध बाईंजवळ वही घेऊन बसा. त्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहा. भाषा सुधारू नका. कोणी काय केले एवढेच विचारा आणि प्रत्येकाचे नाव विचारा. भिंतीवरचा जुना फोटो उतरवून मागे माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी कोणाचे लग्न झाले वा कोणता पूर आला, तेवढे लिहिले तरी चालेल. आणि वहीच्या शेवटी, लिहून घेणाऱ्याने आपलेही नाव लिहावे.