आप्पांचं नाव

रावेतला पवनेच्या बंधाऱ्याजवळ दोन भाऊ राहत. जमिनीवर इमारती उठल्या तेव्हा थोरल्यानं बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. धाकट्यानं गावठाणातलं घर सोडलं नाही. वडील, आप्पा, धाकट्याकडे.

रविवारी वाद ठरलेला. थोरला म्हणे, "सरकारी योजनेच्या भरवशावर कोण राहतं? यादीतलाच दवाखाना, यादीतलेच उपचार. माझी 10 लाखांची पॉलिसी आहे." धाकटा म्हणे, "हप्ता दरवर्षी वाढतोय, आणि जुन्या दुखण्याला 3-3 वर्षं थांबा. महात्मा फुले योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, 5 लाखांपर्यंत. कशाला पैसे घालवायचे?" दोघांचंही खरं होतं, म्हणूनच वाद मिटत नसे. आप्पा सुपारी कातरत ऐकत.

एका पहाटे आप्पांच्या छातीत कळ आली. जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. थोरल्यानं पॉलिसी पुढे केली. काउंटरवरच्या मुलीनं नावं वाचली: तो, बायको, दोन मुलं. वडिलांना घेतलं तर हप्ता फार वाढतो, म्हणून त्यानं ते 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत ठेवलं होतं. धाकट्यानं रेशनकार्ड काढलं. दवाखाना योजनेत नव्हता. शिवाय भाऊ वेगळे झाले तेव्हा आप्पांचं नाव जुन्या कार्डातून कमी केलेलं आणि नव्यात चढवायचं राहिलेलं!

तेवढ्यात धाकट्या सुनेनं पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत आप्पांचं आयुष्मान वय वंदना कार्ड. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. आप्पांना रिक्षानं नेऊन, त्यांचं आधार दाखवून तिनं ते काढलं होतं. घरात सांगितलं नव्हतं. रविवारी तिला बोलायला जागाच कुठे मिळे? तिनंच फोन करून योजनेतलं रुग्णालय विचारलं. डॉक्टरांनी तातडीची औषधं देऊन आप्पांना तिकडे हलवलं. अँजिओप्लास्टी झाली, बिल योजनेतून गेलं.

आप्पा घरी आले आणि पुढच्याच रविवारी भाऊ पुन्हा सुरू! आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "सरकारी चांगलं का खासगी, त्याचा निकाल सावकाश लावा. आधी ज्याचा त्याचा कागद आणा आणि कुणाचं नाव कुठं आहे ते वाचून दाखवा."

धाकट्याचं स्वतःचं योजनेचं कार्ड अजून निघालेलंच नव्हतं.

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांचं आधार घेऊन या आठवड्यातच वय वंदना कार्ड काढून आणा. चौकशीचा नंबर 14555.